दोघांत एक रिमोट

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसायला लागल्या की माझे अंगठे दुखायला लागतात. डॉक्टरांना हे सांगायची सोय नाही. कंपनीची बस कागलकडं निघालेली असते, पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर डुलत चाललेला असतो, ड्रायव्हर त्याला शिव्या घालत असतो, आणि खिडकीतून ओल्या उसाचा, चिखलाचा नि डिझेलचा मिळून जो एक वास आत येतो, त्यानं माझ्या दोन्ही अंगठ्यांची मुळं ठणकतात. बाकीच्या बायका डोळे मिटून घेतात. पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरून आलेल्या बाईला बसमधली ती पाऊण तासाची झोप म्हणजे सगळ्या दिवसातली एकमेव चैन. मलाही ती हवी असते. पण गेल्या हंगामापासून या वासात मला झोप येत नाही.

काल धाकट्या दिरांचा, सिद्धूभावजींचा, कुरुंदवाडहून फोन आला. "वैनी, नदीकडच्या तुकड्याला ऊसतोडीची टोळी लागली बघा. आठ दिवसांत मोकळा हुतोय. अण्णाला सांगा." सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. यंदाही जायचं आहेच, त्यात विचारायचं काही नाही. पण फोन ठेवून मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जी बसले, ती कुकरच्या चार शिट्ट्या होईपर्यंत उठलेच नाही.

लोकांना आपला कॉलेजातला हिवाळा आठवतो, लग्नानंतरचा उन्हाळा आठवतो. मला आठवत राहील असा हंगाम माझ्या बावन्नाव्या वर्षी आला, आणि त्यात मी हेलिकॉप्टर उडवायला शिकले. खेळण्यातलं. असं म्हटलं की आमचे हे रागावतात. "खेळण्यातलं न्हवं, रिमोटचं," म्हणतात. आता रागावतात, हेच पुष्कळ आहे.

हे टर्नर. शिरोलीत इक्बालभाईंबरोबर भागीदारीत लेथचं शॉप. तीस वर्षं लोखंड कातलेल्या माणसाला पत्त्यांचा नाद नाही, पिण्याचा नाही, नाद लागला तो हाताच्या तळव्याएवढ्या हेलिकॉप्टरचा. रविवारी आमच्या हॉलमध्ये ते भुणभुणत फिरायचं. एकदा टीव्हीमागं अडकलं, एकदा थेट आमटीच्या पातेल्यात उतरलं. मलाही त्यांनी दोन-चारदा रिमोट हातात दिला होता, आणि सोफ्यापासून दारापर्यंत मी ते नेऊन दाखवलं होतं. मग उन्हाळ्यात त्यांनी मोठं मागवलं. पात्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ माझ्या अख्ख्या हाताएवढं. "कलेक्टिव्ह पिच," असं ते सांगत. नव्या जावयाचं नाव घ्यावं तसं कौतुकानं सांगत. पावसाळा संपला की उडवू म्हणाले, आणि खोकं कपाटावर ठेवून दिलं.

पावसाळा संपायच्या आत, भादव्यात, लेथवर उभे असताना त्यांचा उजवा हात एकदम लुळा पडला. पाठोपाठ पाय. इक्बालभाईंनी मशीन बंद केलं आणि त्यांना उचलून टेम्पोत घातलं म्हणून वाचले. पाय हळूहळू काठीच्या आधारानं परत आला. हात आला नाही. जीभ जड झाली, पण शब्द कळत होते. वाचा शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणाले. मग हा माणूस बोलत का नाही, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. चहा हवा? हं. उशी नीट करू? हं. ऊन लागतंय का? हं. तीस वर्षांत ज्याच्या बडबडीला कंटाळून मी कितीदा आतल्या खोलीत जाऊन बसले असेन, त्या माणसाकडून माझ्या वाट्याला आता एवढं एकच अक्षर उरलं होतं.

दिवाळीची साफसफाई करताना मी ते खोकं खाली काढलं. मागून आवाज आला. "आपटू नको. पाती हायत त्यात."

मी फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिले. दीड महिन्यातलं पहिलं धड वाक्य होतं ते. तेव्हा मी जरा लबाडी केली. वळलेही नाही, खोक्यावरची धूळ पुसत उगाच विचारल्यासारखं विचारलं, "यात नि त्या बारक्यात फरक काय हो?"

"लई फरक हाय. बारकं म्हंजे पंखा. रेग्युलेटर वाढवला की वर, कमी केला की खाली. ह्याचं तसं न्हाय. ह्याची मोटर एकाच वेगानं फिरती. वर जायचं का खाली, त्ये पात्यांचा कल ठरवतोय. रिमोटची डावी दांडी मधल्या खुणेच्या वर न्हेलीस की पाती हवा खाली ढकलत्यात. मशीन वर. खुणेच्या खाली आणलीस की पाती उलटी कलत्यात. मग मशीन पडत न्हाय गिरजे, आपटतंय. जोर लावून आपटतंय." ते थांबले, तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आलेली लाळ डाव्या हातानं पुसली, आणि पुढं म्हणाले, "म्हणून घाबरलं तरी दांडी खाली वढायची न्हाय. हाय तिथं धरून ऱ्हायचं."

त्या दिवशी भात करपला. चाळीस मिनिटं ते बोलत होते. मी ठरवलं, हे मशीन आपण उडवायचं. त्यात हौस कणभर नव्हती, हे आज सांगायला हरकत नाही. मला त्यांचं बोलणं हवं होतं, आणि ते त्या खोक्यात आहे असं मला दिसलं होतं.

नदीकडचा उसाचा तुकडा तेव्हाच तुटला होता. भावजी तो नांगरून नवी लावण करणार होते, पण नांगरट माघात. तोवर रान मोकळं. ऊस उभा असताना ज्या रानात दहा फुटांवरचं दिसत नाही, तिथं एकदम पार नदीकाठच्या झाडांपर्यंत सगळं उघडं पडतं. आपलंच रान, पण अनोळखी वाटतं. खाली मात्र तोडलेल्या उसाची बुडखी, त्यात वाळक्या पानांचं पाचट. हेलिकॉप्टर टेकवायचं कुठं? भावजींनी मधली जागा कुदळून, पाणी मारून, धुम्मसानं चोपून घेतली आणि वर शेणानं सारवली. पूर्वी ज्वारी मळायला करत तसं खळं. गावात आता मळणी यंत्रावरच होते, खळं कुणी करत नाही. मी म्हटलं, "भावजी, एवढं कशाला? एक ताडपत्री चालली असती." तर म्हणाले, "अण्णाचं इमान उतरणार, आणि ताडपत्रीवर? काय तर बोलता वैनी!" उतरायच्या मशीनखाली त्यांनी बांबूच्या दोन कामट्या फुलीसारख्या बांधल्या आणि टोकांना टेबल टेनिसचे चेंडू खोचले. शिकाऊ मशीन कलंडू नये म्हणून तसं करतात, हे आमच्या ह्यांनी त्यांना फोनवर सांगितलं होतं. फोनवर! स्वतःहून!

मग दर रविवारी तेच. अंधार सरायच्या आत उठायचं, ह्यांना आंघोळ घालायची, दाढी करायची, शर्टाची बटणं लावायची, औषधं, नाष्टा, काठी, प्लास्टिकची खुर्ची, बॅटऱ्या. गाडी मी चालवायची. वारा नसतो तो सकाळचाच काय तो वेळ, दहा वाजता नदीवरून वारं सुटलं की नवशिक्यानं मशीन पेटीत ठेवावं, असा ह्यांचा नियम. जयसिंगपूरच्या पुढं धुकं असायचं. धुक्यात गुऱ्हाळांचा गोड धूर मिसळलेला असायचा. हे शेजारी बसून बोलत असायचे, शेपटीचं छोटं पातं काय करतं, उजव्या दांडीनं मशीन कसं पुढं-मागं नि आजूबाजूला झुकवायचं, डाव्या दांडीनं वर-खाली आणि शेपूट कशी फिरवायची. मी हं हं करत गाडी चालवायची. कुठल्याही बायकोनं नवऱ्याचं बोलणं इतक्या आनंदानं आणि इतक्या अर्धवट लक्षानं ऐकलं नसेल.

पहिल्या दिवशी काय झालं असेल, ते कुणालाही सांगता येईल. मशीन गुडघाभर उचललं, डावीकडं सरकायला लागलं, मी घाबरले, आणि हॉलमधल्या त्या बारक्याची सवय अंगठ्यात होती ती उफाळून आली. दांडी सरळ खाली ओढली. मशीन खळ्यावर असं आदळलं की शेणाचे पोपडे उडाले. एक पातं नदीच्या दिशेनं गेलं ते आम्हाला सापडलंच नाही.

"सांगितलं हुतं की न्हाय?" हे खुर्चीतून गरजले. "वढायचं न्हाय म्हणून सांगितलं हुतं का न्हाय?"

अख्ख्या रानात घुमला तो आवाज. भावजी चपापले. मी मात्र खाली मान घालून हसत होते. शिव्या देणारा नवरा परत मिळाल्याचा आनंद आमच्याकडच्या बायकांना कळेल, इतरांना सांगून उपयोग नाही.

या सगळ्यात मी दमत होते. दमणं म्हणजे काय ते मला त्या हंगामात नीट समजलं. कंपनीत मी तपासणीच्या टेबलावर असते. दिवसभर गेज लावायचं, माप बघायचं, पास आणि रिजेक्ट. पायांचं दमणं वेगळं, ते घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडले की जातं. डोळ्यांचं दमणं झोपेनं जातं. पण सतत कुणाच्या तरी उजव्या हातासारखं असण्याचं जे दमणं आहे, ते कुठं ठेवावं कळत नाही. त्यांच्या नाकाला खाज सुटली तर माझं लक्ष. त्यांचा घास सांडला तर माझा हात आपोआप पुढं. नातेवाईक यायचे, चहा घ्यायचे आणि "तुम्ही खंबीर आहात बाई" म्हणून जायचे. कुणी "दोघं जरा पन्हाळ्याला जाऊन या, हवापालट होईल" असंही सांगायचं. खंबीर हा शब्द मला तेव्हापासून आवडत नाही. तो म्हटला की म्हणणाऱ्याला उठून जाता येतं.

आणि मला तर दमले असं म्हणायचीही सोय नव्हती. भाऊ-भाऊ आपसात कानडी बोलतात. मला ती बोलता येत नाही, पण कळते, हे तीस वर्षांनंतरही त्यांच्या लक्षात राहत नाही. मशीन आदळलं त्याच दिवशी मी विहिरीवर भांडी विसळत होते, आणि हे भावजींना म्हणाले, ही माझ्यापायी झिजून चालली आहे, सिद्धू. ज्या दिवशी ही तोंडानं दमले म्हणेल, त्या दिवशी मी काय करू? त्यापेक्षा लेथवरच गेलो असतो तर सुटली असती. मी पातेलं पुन्हा एकदा घासलं, स्वच्छ होतं तरी. तेव्हापासून तो एक शब्द मी जिभेवरून काढून टाकला. परतीच्या वाटेवर हे विचारायचे, "दमलीस?" मी म्हणायची, "छे, मला तर मजा येते." माझ्या टेबलावर असं खोटं माप आलं असतं तर मी लाल शाईनं खोडलं असतं.

दोन रविवारांनंतर आमच्या हातून जी चूक झाली, ती मात्र कोल्हापूरच्या माणसांनाच शोभेल अशी होती. दोन्ही पात्यांना आतून जोडणारा एक दांडा असतो, बोटाएवढ्या लांबीचा. मशीन आदळलं की तो वाकतो. दर आदळण्याला एक. सुटे भाग पुण्याहून यायला आठ-आठ दिवस. तिसऱ्यांदा वाकलेला दांडा हे डाव्या हातात फिरवत बसले आणि म्हणाले, "कच्चा माल हाय. इक्बालला बोलीव." इक्बालभाई आले, त्यांनी दांडा बघितला, नाक मुरडलं. "ह्ये काय पोलाद म्हणायचं? गवताची काडी परवडली." दोघांनी मिळून ठरवलं, आणि दोन दिवसांत शिरोलीच्या शॉपमधून ईएन-चोवीस पोलादाचा, वर पाणी देऊन कडक केलेला दांडा तयार होऊन आला. आरशासारखं फिनिशिंग. मी मायक्रोमीटर लावला, माप तंतोतंत, आणि मीच तो पास केला. तिघांनाही काय अभिमान वाटला होता! ह्यांनी तर इक्बालभाईंच्या पाठीवर डाव्या हातानं थाप मारली.

त्या रविवारी मशीन पुन्हा आदळलं, आणि तसं काही फार जोरातही नाही. दांड्यावर ओरखडासुद्धा नव्हता. पण तो ज्या मधल्या ठोकळ्यात बसतो तो उभा चिरला होता, पाती धरणारे दोन्ही पंजे निखळले होते, आणि सुटलेल्या पात्यानं जाता जाता शेपूट कापली होती. खळ्यावर सगळे तुकडे गोळा करून आम्ही ह्यांच्या पुढ्यात मांडले. त्यांनी एकेक तुकडा डाव्या हातानं उलटून बघितला. मग म्हणाले, "वाकायला पायजे हुता त्यो. त्यो वाकतोय म्हणून बाकीचं वाचतंय. मऊ ठेवलाय त्ये अडाणी म्हणून न्हाय ठेवलेला."

इक्बालभाईंना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "आता आपल्या हातनं कच्चं काम हुतच न्हाय, त्याला काय करायचं?" हे हसले. पुष्कळ हसले. मीही हसले, पण तो चकचकीत दांडा मी फेकून दिला नाही. तो अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. सुया काढताना हाताला लागतो आणि जरा बरं वाटत नाही.

सुटे भाग यायला पंधरा दिवस गेले. त्या पंधरा दिवसांत मी रोज संध्याकाळी कणीक मळून झाली की बॅटरी न लावलेला रिमोट हातात घेऊन उभी राहायची आणि हे सांगतील तसे अंगठे हलवायची. "डावीकडं चाललं, उजवी दांडी. लई न्हाय. मुंगीएवढी." भिंतीकडं बघून मी एक नसलेलं हेलिकॉप्टर सावरत राहायची. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मला जपून राहायला सांगितलं.

आणि मग ते जमलं. पौषातली सकाळ होती, पाचटावर दव चमकत होतं, वारा अजिबात नव्हता. मशीन उचललं, डोक्याएवढ्या उंचीवर गेलं आणि थांबलं. खरोखर थांबलं. पात्यांचा तो फडफड आवाज, खाली थरथरणारे चेंडू, आणि माझ्या अंगठ्यांतून मुंगीएवढ्या, त्याहून बारीक हालचाली आपोआप चाललेल्या. एक मिनिट तसं धरलं. उतरवलं. मागं वळून ह्यांच्याकडं बघितलं, तर ते नदीकडं बघत होते.

"चांगलं जमलं," म्हणाले. पावण्यांना चहा घ्या म्हणावं तसं.

परतीच्या वाटेवर गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. चहा हवा? हं. मला कळायला बुधवार उजाडला. मी शिकले म्हणजे त्यांचं शिकवणं संपलं होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या मशीनवर, दोन धड हातांची बाई चार फुटांवर जे करत होती, ते त्यांना आता कधीच करता येणार नव्हतं. आणि खरं सांगते, हे कळल्यावर मला त्यांची दया आली नाही. मला राग आला. एवढ्या पहाटा, एवढे कोसचे कोस, एवढं खोटं हसणं, आणि शेवटी मिळालं काय तर तेच एक अक्षर. बसमध्ये खिडकीला कपाळ लावून मी रडले. शेजारणीला सर्दी झाल्याचं सांगितलं.

पुढच्या रविवारी मी सवयीनं निघाले म्हणून निघाले. शेजारच्या वावरात बीडकडची ऊसतोडीची टोळी लागली होती. त्यातली द्वारकाबाई म्हणून एक बाई पाणी प्यायला आमच्या विहिरीवर यायची. वय माझ्याएवढं असेल, किंवा दहा वर्षांनी लहान, उन्हानं सांगता येत नव्हतं. दोन-तीन रविवार तिनं आमचा प्रकार लांबून बघितला होता. त्या दिवशी कळशी खाली ठेवून तिनं सरळ विचारलं, "ताई, हे काय कामाला येतं वो?"

"कशाच्याच नाही," मी म्हटलं.

तिला ते पटलं. मग खुर्चीत बसलेल्या ह्यांच्याकडं हनुवटी करून म्हणाली, "मालकांचं?" मी सांगितलं, उजवा हात गेला, त्यांना उडवायचं होतं, दोन हात लागतात, म्हणून मी.

"मंग जोडीनं करा की," ती म्हणाली. "आमच्यात नवरा-बायकू मिळून एक कोयता धरत्यात. त्यो तोडतो, मी मोळी बांधते. एकट्याचा अर्धाच कोयता. मुकादमबी एकट्याला अर्धाच मोजतो. डावा हात हाय न्हवं चांगला?"

कळशी डोक्यावर घेऊन ती गेलीसुद्धा. मी रिमोटकडं बघत राहिले. डावी दांडी डाव्या अंगठ्यानं चालते: वर, खाली, शेपूट. उजवी उजव्या अंगठ्यानं. दोन महिने तो रिमोट हाताळून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तपासणी विभागात बावीस वर्षं काढली म्हणे.

रिमोटचा पट्टा मी ह्यांच्या गळ्यात घातला. मी दुधाचा रिकामा क्रेट ओढून त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि उजव्या दांडीवर माझा अंगठा ठेवला. रिमोटखाली त्यांचा उजवा हात मांडीवर पडून होता, त्याच्यावर माझं मनगट टेकलं. "डावी तुमची," मी म्हटलं. "न्हाय जमायचं," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग तसं म्हणत बसा."

पहिल्या खेपेला खरंच नाही जमलं. दुसऱ्या नाही, पाचव्याही नाही. दोन माणसांनी एक मशीन हवेत धरायचं म्हणजे एकानं श्वास घ्यायचा आणि दुसऱ्यानं सोडायचा. ते वर उचलायचे आणि मी अजून तयार नसायची. मी पुढं झुकवायची, त्यानं मशीन खाली बसायचं, आणि ते उचलायला उशीर करायचे. आम्ही भांडलो. लग्न ठरलं तेव्हापासूनची भांडणं त्या खळ्यावर निघाली. "तुला कधी कुणाचं थांबून बघायचं ठावंच न्हाय!" "आणि तुम्हाला सांगायला तोंड नाही!" भावजी लांब बांधावर जाऊन बसायचे. वाकणारे, पुण्याहून मागवलेले कच्चे दांडे आता पेटीत सहा भरून ठेवले होते, ते एकेक करून वाकले.

पण ते बोलत होते. भांडत होते. आणि मला एक जाणवलं, शिकवत असताना ते माझ्या हातांकडं बघायचे, आता मशीनकडं बघत होते. बऱ्याच दिवसांनी मी त्यांच्या जबाबदारीतली नव्हते नि ते माझ्या. समोर हवेत जे होतं ते दोघांच्याही जबाबदारीत होतं. पाच-सात सेकंद, मग पंधरा. एका रविवारी अर्धं मिनिट. बोलायची गरज हळूहळू कमी झाली. त्यांच्या खांद्याला माझा खांदा लागलेला असायचा, त्यातूनच कळायचं. त्यांच्या अंगाला मसाजच्या तेलाचा वास यायचा, जो घरी मला नकोसा होतो. तिथं नाही व्हायचा.

माघातला शेवटचा रविवार. दुसऱ्या दिवशी नांगर लागणार होता. त्या आठवड्यात कंपनीत बाहेरची तपासणी होती, रोज उशिरा घरी. ह्यांचा व्यायाम करून घ्यायला येणारा मुलगा गावाला गेला म्हणून तेही माझ्याकडं. शुक्रवारी बाथरूममध्ये ह्यांचा तोल गेला आणि त्यांना सावरताना माझी पाठ धरली. रविवारी गाडीचं स्टिअरिंग वळवताना कळ यायची, पण ते मी बोलले नाही. "मजा येते" तेवढं म्हटलं असेन, सवयीनं.

शेवटची बॅटरी लावली. मशीन उचललं. डोक्याच्या थोडं वर जाऊन थांबलं आणि तिथंच राहिलं. पन्नास मोजले, साठ मोजले. काही करावंच लागत नव्हतं. धुकं विरलं होतं, नदीपलीकडच्या मळ्यात कुणीतरी पाचट पेटवलं होतं, त्याचा धूर सरळ वर जात होता. सगळ्या हंगामात पहिल्यांदा मला करायला काही उरलं नव्हतं, आणि त्या रिकाम्या जागेतून माझ्या तोंडून आलं, "अहो, मी दमले."

मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. परत घेता येणार नव्हतं. माझा अंगठा सरकला, मशीन हवेत डगमगलं, मी सावरलं. ह्यांच्याकडं बघायची हिंमत नव्हती. तेही माझ्याकडं बघत नव्हते. नजर मशीनवर ठेवूनच म्हणाले, "लई?"

"लई."

"कवापासनं?"

"भादव्यापासनं."

पात्यांचा आवाज तेवढा येत राहिला. मला वाटलं, झालं, आता हा माणूस पुन्हा बंद झाला, आणि यावेळी तो मीच केला.

"मग खाली घेतो," ते म्हणाले. आवाज साधा होता, जेवायला वाढ म्हणतात तसा. "तू नुसतं सरळ धर. बाकी माझ्याकडं हाय."

आणि त्यांच्या डाव्या अंगठ्यानं ते मशीन खाली आणायला सुरुवात केली. इतकं सावकाश मी कधीच आणू शकले नसते. हातभर खाली, थांब. वीतभर, थांब. खळ्यावरची बारीक धूळ उठून बाजूला सरकली, चारी चेंडू सारवणावर टेकले, आणि आदळल्याचा आवाज म्हणून आलाच नाही. त्यांनी बोटानं वरचं बटण ओढलं. मोटर बंद झाली. पाती मात्र फिरतच राहिली. एवढ्या वेगानं फिरणारी पाती काही लगेच थांबत नाहीत.

"सोड आता," ते म्हणाले.

मी सोडायला गेले, तर अंगठा निघेना. आखडून बसला होता. डोळ्यांतून पाणी कधी सुरू झालं होतं ते मला कळलं नव्हतं. मग त्यांनी डावा हात रिमोटवरून पलीकडं आणला, माझा अंगठा अलगद दांडीवरून उचलला, आणि पाती थांबेपर्यंत तसाच हातात धरून ठेवला.